गुडघ्यातली कुसळं

समोरून माणूस चालत आला की तिची नजर चेहऱ्याकडे जायचीच नाही. ती थेट गुडघ्यांकडे जायची. पाहुणा ओट्यावर टेकला रे टेकला, की विचारणे नाही, सांगणे नाही, उजव्या हाताची उलटी बाजू ती त्याच्या गुडघ्यावर ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायची. कुणी दूरचे बोलणे कान देऊन ऐकावे, तसे काहीसे तिच्या चेहऱ्यावर उमटे. मग निकाल लागे.

“आगीचं हाय,” किंवा “थंडं हाय, झिजीचं.”

रोग दोनच. उपचार त्याहून कमी, एकच.

“सांजच्यानं ये. खेकड्याचा रस्सा ठेवीन. हाड भरून येते.”

अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. दवाखान्याची पायरी चढण्याआधी जिच्या ओट्यावर आपण नकळत टेकतो, जिच्या हातच्या वाटीवर आपला गोळीहून अधिक विश्वास असतो, अशी एक बाई प्रत्येक गावाने सांभाळलेली असते. आमच्या गावात ती माझी शेजारीण होती. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणे.

अड्याळहून थोडे आत, मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासे धरणाऱ्या ढिवरांचा मोहल्ला आहे. गावच्या दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासण्याच्या खोलीत काम करते आणि त्या मोहल्ल्याच्या टोकाला भाड्याने राहते. तिच्या आणि माझ्या घरात एक मातीची भिंत होती. त्या भिंतीपलीकडचे घर मला आधी वासांनी कळले. ओल्या जाळ्यांचा शेवाळी, हिरवा वास. मासळीच्या खवल्यांचा किंचित लोखंडी वास. आणि धानाच्या बांध्यांतून खेकडे निघू लागले की त्यात मिसळणारा ठेचलेल्या लसणाचा वास. पाट्यावर कवचे फुटत तेव्हा वाळक्या पानांवरून कुणी चालत यावे तसा आवाज येई. ठेचलेला खेकडा ती फडक्यातून पिळून घेई. ते राखाडी पाणी चुलीवर तापले की साकळे, दाटे, आणि त्यावर केशरी तवंग धरे. खेकडे खोल बिळात गेल्यावर उन्हाळ्यात वाळवलेले झिंगे असत. रस्सा कधी चुकला नाही.

“कवच किती टनक हाय, पाह्य ना बाई,” ती एक नांगी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली होती. “हे पोटात गेलं तं जाईन कुठं? हाडातच जाईन ना!”

पोटातून दुसरीकडेही बरेच काही जाते, असे मी म्हणाले. त्यावर ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

तिचा नवरा उंच, वाळलेला, अबोल. ती त्याला ‘बुढा’ म्हणे, तो तिला ‘बुढी’. तिसऱ्या नावाची त्या घराला गरज पडली नव्हती. बोलत ते त्याचे पाय. तलावाचा तळ त्याला तळव्यांनी पाठ होता: कुठे गाळ मऊ आहे, कुठे जुन्या झाडाचे खोड बुडालेले आहे, कुठल्या गवतात मरळ बसते. तो पाण्यात उतरे तेव्हा पाणी हलत नसे. घरी येताना मात्र तो वाटेतल्या प्रत्येक दगडाला अडखळे, आणि मावशी ओट्यावरून ओरडे, “आला पाह्य तलावाचा राजा! जमिनीवर चालता येत नाई!”

उन्हाळ्याच्या तोंडावर तलाव उतरला की मच्छीमारांच्या सोसायटीचे मोठे जाळे पडते. मोहल्ल्यातले सगळे पुरुष छातीभर पाण्यात रांगेने उभे राहतात आणि दोर ओढत जाळे काठाकडे आणतात. रांगेतली प्रत्येकाची जागा ठरलेली असते, बापाकडून आलेली. नियम तोंडी आहे, पण पक्का. जो पाण्यात उभा राहून दोर धरतो, त्याच्याच घराला वाटा. आणि ज्याची जागा लागोपाठ दोन उन्हाळे रिकामी राहिली, त्याची जागा दुसऱ्या घराला जाते. त्या जागेबरोबरच वर्षभर तलावात जाळे टाकायचा हक्कही जातो. बुढ्याला मुलगा नव्हता. एकच मुलगी, तीही साकोलीकडे एकोडीला दिलेली. ते घर त्याच्या दोन पायांवर उभे होते आणि हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

पहिल्यांदा दुखले ते पायाच्या अंगठ्यात. सकाळी तो उठला तेव्हा अंगठा पिकल्या मिरचीसारखा लाल, चकचकीत, ताणलेला. चादरीचा काठ लागला तरी तो कळवळे. अंगणात कोंबडी पळाली तरी “हाकल तिले!” म्हणून ओरडे, जणू तिच्या पावलांचा धक्का जमिनीतून त्याच्या हाडात चढत होता. मावशीने उलटा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

“आग हाय,” ती म्हणाली, “चूल हाय निसती!”

मग रस्सा. सकाळ-संध्याकाळ, वाटी तोंडाला लावून, शेवटच्या थेंबापर्यंत. काही दिवसांत सूज उतरली. अंगठ्यावरची कातडी सापाच्या कातीसारखी सोलून निघाली आणि खालून कोवळी, गुलाबी त्वचा दिसली. मावशीने तो अंगठा मोहल्ल्याला दाखवला. नवीन नातवंड दाखवावे तसा दाखवला. बुढा लाजून पाय आखडून घेई आणि ती तो पुन्हा ओढून पुढे करी.

पुढे ते घोट्यात आले, मग गुडघ्यात. दर वेळी रस्सा, दर वेळी थोड्या दिवसांनी आराम. आपण सगळे इथेच फसतो. दुखणे आपल्या पावलांनी येते, आपल्या पावलांनी जाते, आणि यश मिळते ते त्या दिवशी हातात असलेल्या वाटीला. दोन दुखण्यांमधले अंतर आटत चालले होते, तलाव आटावा तसे, रोज पाहणाऱ्याला न कळेल असे.

मागच्या उन्हाळ्यात जाळे पडले तेव्हा तो खाटेवर होता. जागा एकदा रिकामी राहिली. यंदा धान कापून झाले तेव्हा गुडघा पुन्हा फुगला आणि उतरेनाच. तेव्हा मावशी एका ऑटोत त्याला घालून दवाखान्यात आली. दुखणाऱ्या पायाखाली तिने आपली मांडी दिली होती.

“बाई, तुमच्या डॉक्टरले म्हना, गुडघ्यातलं पानी तेवढं काढून द्या,” ती मला बाजूला घेऊन म्हणाली. “बाकीचं मी पाह्यतो म्हना. जाळ्याच्या आंधी उभा करा लागते त्याले.”

भंडाऱ्याहून हाडांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. शांत, समजावून सांगणारे गृहस्थ आहेत. त्यांनी सुई घालून पाणी काढले. निरोगी सांध्यातले पाणी अंड्याच्या बलकाभोवतीच्या रसासारखे निर्मळ आणि चिकट असते. हे ताकासारखे गढूळ होते. मी त्याचा थेंब काचेवर घेतला आणि भिंगाखाली पाहिला.

माझ्यासारख्या कवितांच्या नादात वाढलेल्या माणसाचा एक शाप असतो: भयंकर गोष्टही त्याला आधी सुंदर दिसते. त्या धूसर उजेडात सुया पसरल्या होत्या. बारीक, टोकदार, स्वच्छ. खळ्यावर वारा आला की धानाची कुसळे उडून जमिनीवर आडवीतिडवी पडतात, तशा. त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशी गर्दी करून होत्या. काहींनी ती कुसळे गिळली होती आणि ती त्यांच्या पोटातून आरपार बाहेर आली होती.

डॉक्टरांनी मावशीलाही बोलावले. तिने एक डोळा मिटून भिंगाला दुसरा लावला. तिचा श्वास काचेवर येऊ नये म्हणून मी तिच्या तोंडावर तिचाच पदर धरला होता.

“कुसळं हाय वो हे,” ती म्हणाली. “धानाचे.” मग डोळा न उचलता तिने विचारले, “याच्या गुडघ्यात कुसळ कोनं भरलं?”

डॉक्टरांनी सांगितले. रक्तात युरिक ॲसिड नावाचा एक घटक असतो. तो वाढला की सांध्यात साचतो आणि त्याचे असे खडे बनतात. ते गुपचूप पडून राहतात तोवर कळत नाही. एक दिवस शरीराचे राखणदार त्यांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडतात. ती आग, ती सूज म्हणजे ती लढाई. लढाई आपोआप थांबते, म्हणून माणसाला बरे वाटते. पण खडे तिथेच राहतात, आणि दर लढाईत हाडाच्या टोकावरचे गुळगुळीत अस्तर खरवडले जाते. अस्तर झिजले की खड्यांना बसायला आणखी जागा मिळते. त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे फोटो उजेडाकडे धरला. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसायला हवी होती, ती जवळजवळ नव्हती. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

“गोळ्यांनी खडे हळूहळू विरघळतील,” ते म्हणाले. “झिजलेले अस्तर मात्र परत येत नाही.”

“हे होते कायच्यानं?” मावशीने विचारले.

“बहुतेक वेळा किडनी हा घटक पुरेसा बाहेर टाकत नाही, म्हणून. काही घराण्यांत येते. खाण्यापिण्याचा वाटा त्या मानाने लहान, पण असतो. तेव्हा कलेजी, झिंगे, खेकडे, दारू, हे बंद.”

“मोहाचीबी?” बुढ्याने पहिल्यांदाच तोंड उघडले.

“मोहाचीही.”

“मंग जगाचं कायले?” बुढा म्हणाला. डॉक्टर हसले, मीही हसले. मावशी हसली नाही. एवढ्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द तिच्यापर्यंत पोहोचला होता.

“साहेब, खेकडे म्हंजे,” ती अडखळली, “रस्साबी?”

“रस्सा तर सगळ्यात आधी.”

बाहेरच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून खाली बसली. उन्हाने फरशी तापली होती; तिला ते जाणवले नाही.

“म्या चारलं,” ती म्हणाली. “दुखलं तं चारलं. जास्त दुखलं तं जास्त चारलं. तो नाई म्हने तं नाक दाबून चारलं वो बाई.”

मी म्हणाले, “मावशी, डॉक्टरांनी काय सांगितलं? दोष किडनीचा. खाण्याचा वाटा थोडासा.”

“थोडं का असना,” ती म्हणाली. “तेवढे कुसळ तं माह्या हातचेच ना?”

त्या आठवड्यात ती दारोदार फिरली. जिला जिला रस्सा दिला होता, तिच्या दारात उभी राहून तिने तो बंद करायला सांगितले. गावाला वेगळेच वाटले.

“झिंगे महाग झाले म्हनून सांग ना सरळ, मावशे!” एकीने ओट्यावरूनच टोला दिला. “डॉक्टरचं नाव कायले सांगतं?”

कोंढा गावची एक म्हातारी, मोहल्ल्यात लेकीकडे राहायला आलेली, तिला सोडेचना. “माहा गुडघा थंडा हाय, तुनंच सांगतलं होतं. थंड्याले तं चालते ना वं?”

“मले इचारू नोको,” मावशी म्हणाली. “मले काई समजत नाई. मले काईच समजत नवतं.”

म्हातारीने तिचा हात धरून आपल्या गुडघ्यावर ठेवायला ओढला. मावशीने तो हिसकून पदराखाली घेतला. तो हात नंतर कुणाच्या गुडघ्यावर गेलेला मी पाहिला नाही. कुणी टेकले तरी ती हात काखेत दाबून बसे, थंडी वाजत असल्यासारखी, फाल्गुनातल्या उन्हात.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी दोन प्रकार दिले होते: एक खडे विरघळवणारी, दुसरी पहिले काही महिने भडका उडू नये म्हणून. दुसरीने पोट ढिले होते, म्हणून बुढ्याने ती कुणाला न सांगता सोडली. आणि मग जे व्हायचे तेच झाले. विरघळू लागलेले खडे सुटे झाले, राखणदार पुन्हा जागे झाले, आणि गुडघा आधी कधी पेटला नव्हता असा पेटला. भिंतीपलीकडून त्याचे कण्हणे ऐकू येई. त्याहून असह्य होते ते तिचे काहीच न ऐकू येणे. पाट्याचा आवाज नाही, भांड्याचा नाही, बांगडीचासुद्धा नाही.

मी गेले तेव्हा ती गोळीची पट्टी मुठीत धरून उंबऱ्यावर बसली होती.

“बाई, मले येक सांगा,” ती म्हणाली. “रस्सा पाजला तं दुखनं जाये, अन् तो रस्सा वाईट. गोळी दिली तं दुखनं आलं, अन् हे गोळी चांगली. हे मानू कसं मी? कोनाच्या डोळ्यानं पाहू?”

उत्तर मला ठाऊक होते आणि मी ते दिले. सुटलेल्या खड्यांबद्दल सांगितले, सोडलेल्या दुसऱ्या गोळीबद्दल सांगितले. पण मी जे भिंगातून पाहिले होते ते ती आयुष्यभर हाताने पाहत आली होती, आणि तो हात तिने स्वतःच खोटा ठरवला होता. आता तिच्यापाशी पाहायला काही उरले नव्हते.

तरीही तिने गोळ्या दिल्या. दोन्ही दिल्या. विश्वास नसताना रोज सकाळी त्या तळहातावर ठेवून ती त्याच्यापुढे हात करी आणि नजर दुसरीकडे वळवी.

बुढ्याला ते पाहवत नव्हते. एकदा त्याने तिला हसवायचे ठरवले.

“दे वं बुढे,” तो म्हणाला. “तुह्या हातानं इख दिलं तरी खाल्लंच ना मी!”

तो खरोखर लाडाने बोलला होता. शब्द तोंडातून सुटल्यावर त्याला ते कळले. मावशी उठली, आत गेली आणि दार लावून घेतले. तो खाटेवरून उतरू शकत नव्हता. “बुढे,” तो हाक मारत राहिला, “अवं बुढे, तसं नाई म्हटलं,” आणि पेटलेला गुडघा हातांनी उचलत, इंच इंच, दाराकडे सरकण्याचा प्रयत्न करत राहिला.

आग महिन्याभरात निवली. गोळ्यांनी आपले काम धरले होते. डॉक्टर म्हणाले, आता भडका कमी होत जाईल. पण गुडघ्यात जे झिजायचे ते झिजून गेले होते. उभा राहिला की हाडावर हाड घासल्याचा आवाज खोलीत ऐकू येई, जात्याच्या रिकाम्या पाळ्यांसारखा. आणि तलाव उतरू लागला होता.

पुढे काय झाले ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचाही जीव टांगणीला राहायला नको. त्यांची जागा गेली. कुणी निर्दय नव्हते. सोसायटीचे अध्यक्ष बुढ्याचे लहानपणापासूनचे सोबती होते. जाळ्याच्या दिवशीचा वाटा त्यांनी स्वतः मावशीच्या टोपलीत घातला आणि संध्याकाळी, मान खाली घालून, जागा दुसऱ्या घराला दिली. बायकांना रांगेत जागा नसते. तो नियम अध्यक्षांनी केलेला नव्हता आणि मोडण्याचे बळही त्यांच्यात नव्हते. मृगाच्या आधी मुलगी येऊन दोघांना एकोडीला घेऊन गेली. जावयाची धानाची शेती आहे. तिथे त्यांचे बरे चालले आहे असे कळते. इथे भिंतीपलीकडे आता कुठलाच वास नाही. मातीची भिंत एवढी नुसती माती असू शकते, हे मला माहीत नव्हते.

मला आठवतो तो जाळ्याचा दिवस.

त्याला चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून काठावर आणले. मावशी इतर बायकांबरोबर टोपल्या घेऊन उभी होती. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो पाण्यात उतरला, आणि पाणी छातीशी आले तेव्हा त्याने त्यांचे खांदे सोडले. पाण्याने त्याचा भार उचलला होता. कित्येक महिन्यांनी तो कुणाच्या आधाराशिवाय उभा होता, आपल्या बापाच्या जागेवर. त्याने दोर धरला. हाक उठली, रांग हलली, जाळ्याला वर धरणाऱ्या लाकडी तरंडींची ओळ पाण्यावर वाकू लागली. त्याने ओढले. पुन्हा ओढले. मग मागे पाऊल टाकताना तो गुडघा आतल्या आत वळला आणि त्याचे डोके पाण्याखाली गेले.

वर आला तेव्हा तो ओरडला नाही. त्याने काठाकडे पाहिले, तिला शोधले, आणि मूठ उघडली. दोर सरकत निघून गेला.

टोपली पडल्याचा आवाज झाला. मावशी पाण्यात चालत निघाली होती.

“अवं मावशी, कुठं चालली? बायका जाळ्यात येत नाईत!” अध्यक्ष ओरडले.

“जागा रिकामी हाय का?” ती ओरडली. “पाह्य ना गा, रिकामी हाय का? मी हाय ना उभी! ओढा तुमी, ओढा!”

चालते जाळे थांबवता येत नाही. थांबले की सगळी मासळी सैल पडलेल्या जाळ्याच्या फटीतून जाते. म्हणून कुणी थांबले नाही आणि कुणी तिला बाहेर काढले नाही. दोघांनी बुढ्याला उचलून काठाकडे नेले. त्याच्या छातीइतके पाणी तिच्या हनुवटीपर्यंत येत होते. लुगडे तिच्याभोवती फुगून वर आले होते, मान मागे टाकलेली, तोंड आभाळाकडे, आणि दोन्ही हात त्या दोरावर. रांग एक पाऊल मागे सरकली की तिचे पाय तळापासून सुटत आणि दोरच तिला ओढून पुन्हा उभी करी. ती जाळ्याकडे बघत नव्हती. काठावर चिखलात बसवलेल्या त्या उंच, भिजलेल्या माणसाकडे बघून ती ओरडत होती, “उभी हाय मी, बुढ्या! पाह्यतं ना? उभी हाय!” पाणी ओठांना लागत होते, त्यामुळे अर्धा शब्द आम्हाला ऐकू येई आणि अर्धा तलावात जाई.